आय५-१२४०० आणि आरटीएक्स ३०६०: दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवून काढलेली लग्नसराई

आधी मशीन सांगतो. प्रोसेसर इंटेल आय५-१२४००, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० बारा जीबी, ३२ जीबी रॅम. काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, बैठक कोल्हापुरात राजारामपुरीत. पीसी घेताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, कार्ड घालणारच हाय न्हवं, मग एफवाला प्रोसेसर घ्या की, चार पैसे वाचतील." १२४००एफ म्हणजे तोच प्रोसेसर, फक्त आतलं ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली छोटी ग्राफिक्स चिप, बंद. मी बिनएफचाच घेतला आणि आता अख्खी लग्नसराई काढल्यावर सांगतो, पीसीवर घातलेल्या पैशांत सगळ्यात जास्त वसूल झाले ते हेच जादाचे चार पैसे.

कारण फुटेज. आम्ही एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मध्ये ४:२:२ टेन-बिट, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात, शूट करतो. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंगमध्ये ताणला तरी फाटत नाही. पण हा प्रकार डीकोड करणारं, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारं, हार्डवेअर ३०६० मध्ये नाहीच. एनव्हिडियाने ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणलं. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओच्या यंत्रणेत मात्र ते त्याआधीपासून आहे, अगदी १२४०० मधल्या साध्यासुध्या यूएचडी ७३० मध्येसुद्धा. म्हणजे ५० मालिकेआधीचं कार्ड कितीही दांडगं असू दे, आतलं ग्राफिक्स बंद असताना अशी क्लिप टाइमलाइनवर टाकली की सगळा भार सीपीयूवर, म्हणजे मूळ प्रोसेसरवर. मंगलाष्टकांच्या वेळचं तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की आवाज पुढं आणि अंतरपाट अजून हवेतच, अशी गत. आतलं ग्राफिक्स चालू केलं की तीच टाइमलाइन अर्ध्या रिझोल्यूशनला न अडखळता चालते. नाद खुळा! तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघा: इंटेलच्या खान्यात 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख वर चढलेला, आणि कार्डाकडं कलर नि इफेक्टचं काम. दोघं आपापलं ओझं वाहतायत.

जोडणी सोपी आहे, पण ती आपण होऊन होत नाही. बऱ्याच मदरबोर्डवर कार्ड बसवलं की आतलं ग्राफिक्स गुपचूप बंद होतं. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन 'इंटर्नल ग्राफिक्स' किंवा 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' असं काहीतरी असतं, ते 'एनेबल्ड' करायचं. 'प्रायमरी डिस्प्ले' मात्र पीसीआय एक्सप्रेसवरच, म्हणजे कार्ड बसतं त्या जोडणीवरच, ठेवायचा. मग इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, आणि प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डीकोडिंगखाली इंटेलवर टिक आहे का ते बघायचं. टिक बदलली तर प्रीमियर बंद करून परत उघडावा लागतो.

मॉनिटरची वायर कुठं लावायची हा वाद आमच्या घरात बरेच दिवस चालला. पुतण्याचं म्हणणं, वायर मदरबोर्डला लाव, म्हणजे साधं काम आतल्या ग्राफिक्सवर होईल आणि गेम लावला की कार्ड जागं होईल. तसं होतं खरं. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये प्रत्येक प्रोग्रामला 'पॉवर सेव्हिंग' की 'हाय परफॉर्मन्स' हे ठरवून देता येतं. २०१८ पासून ही सोय आहे. पण कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम मग पीसीआय एक्सप्रेसवरून आतल्या ग्राफिक्सकडं कॉपी होऊन पडद्यावर येते. फ्रेम रेट थोडा पडतो आणि जी-सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी एनव्हिडियाची सोय) तर मिळतच नाही. दोन दिवसांत पुतण्यानंच वायर परत कार्डात लावली. आता मोठा मॉनिटर कार्डावर आणि क्लिपांच्या बिन्सचा (फोल्डरांचा) जुना छोटा मॉनिटर मदरबोर्डवर. चालू व्हिडिओची खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढली तर क्षणभर अडकते, ते चालवून घेतो.

वीज वाचेल म्हणून कुणी हे करणार असेल तर राहू द्या. लॅपटॉपमध्ये काम नसताना कार्ड जवळजवळ पूर्ण झोपी जातं. डेस्कटॉपवर माझं कार्ड तसं झोपत नाही, मोकळं असलं तरी थोडी वीज खातंच. प्लगला मीटर लावून बघितलं. कार्ड काढल्यावर जो फरक दिसला तो एका एलईडी बल्बाएवढा. वळवाच्या पावसात वीज गेली तरी यूपीएसवर त्यानं फार काही जादा वेळ मिळत नाही.

एक कटकट सांगायलाच हवी. बायोस अपडेट केला की सेटिंग मूळपदावर जाते आणि आतलं ग्राफिक्स पुन्हा गायब. एरर बिरर काही येत नाही, फक्त टाइमलाइन रडायला लागते. टास्क मॅनेजरमध्ये दोनाऐवजी एकच जीपीयू दिसला की समजायचं. बायोसची सेटिंग जपणारी मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी उतरली तरी हेच.

आणि ऐन हंगामात कार्डाचा पंखा कुरकुरायला लागला. कार्ड वॉरंटीत गेलं, तेवढे दिवस वायर मदरबोर्डला लावून काम केलं. इफेक्ट लावलेले भाग रेंडर व्हायला जन्म जायचा, पण कटिंग अडलं नाही आणि रिसेप्शनचे रील वेळेत गेले. एफवाला असता तर पडद्यावर काहीच आलं नसतं.

५० मालिकेतलं कार्ड घेणाऱ्याला ४:२:२ साठी याची गरज नाही. रायझन ५००० मधल्या ५६००एक्स किंवा ५८००एक्सवाल्यांना हा मार्गच नाही, त्यांच्यात आतलं ग्राफिक्स नसतं. पुतण्याच्या नव्या पीसीत आम्ही एफच टाकला. तो एडिटिंग करत नाही, आणि वाचलेल्या पैशांत एसएसडी मोठी बसली.