सोयाचं मेण जीएम असतं, मग घ्यावं कोणतं?

घरगुती मेणबत्त्यांचा व्यवसाय सुरू करणाऱ्याला गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतंच: "सोया ना? ते तर जीएम असतं!" जीएम म्हणजे जनुकांत बदल केलेल्या बियाण्याचं. शंका रास्त आहे. फक्त तिची जागा शेतात आहे, दिवाणखान्यात नाही.

सोयाचं मेण म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं सोयातेल, वनस्पती तुपाचं भावंड. तेल शुद्ध करताना बियांमधली प्रथिनं आणि डीएनए जवळपास सगळे निघून जातात. म्हणून जीएम सोयाची मेणबत्ती जळताना घरात काही वेगळं पसरेल, ही भीती सोडा. काजळी धरत असेल तर वात आखूड कापा; बियाणं बदलून काजळी कमी होत नाही.

शेतातलं मात्र खरं आहे. तणनाशक सोसणारं जीएम सोयाबीन अमेरिकेत १९९६ मध्ये आलं आणि आज तिथल्या सोयाबीनच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तेच आहे. पाठोपाठ ग्लायफोसेट या तणनाशकाचा मारा वाढला, त्याला दाद न देणारी तणं माजली, आणि घरचं बियाणं राखण्याची सोय गेली. हे तुम्हाला खटकत असेल तर अमेरिकी सोया टाळायला सबळ कारण आहे.

मग देशी सोया? भारतात जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही, त्यामुळे लातूर-वाशीमचं पीक बिगर-जीएम धरलं जातं. पण इथे तयार झालेल्या मेणातलं तेल इथलंच असेल, याची खात्री नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आपल्याकडे दरवर्षी लाखो टन सोयातेल येतं, आणि तिथलं सोयाबीन जवळजवळ सगळं जीएम. पाकिटावर मेण कुठे बनलं ते छापतात. बी कुठे पिकलं ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावं लागतं.

नारळाचं मेण ऐकायला निर्धोक वाटतं, कारण जीएम नारळाची लागवड कुठे होत नाही. अडचण वेगळीच आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नुसत्या खोबरेलाची मेणबत्ती उभीच राहणार नाही. म्हणून या नावाने मिळणाऱ्या मेणात बऱ्याचदा सोया किंवा पॅराफिन मिसळलेलं असतं. प्रमाण विचारा, नाहीतर ज्याला नको म्हणालात तेच मागच्या दाराने घरात येईल.

पाम मेणही जीएम नाही. ते कडक असतं, साच्यातल्या उभ्या मेणबत्तीला छान. पण इंडोनेशिया-मलेशियातली जंगलं पामसाठी तुटली, आणि तेच मेण "जीएममुक्त" म्हणून मिरवलं जातं तेव्हा माझं डोकं फिरतं. घ्यायचंच तर आरएसपीओ (शाश्वत पामतेलाला प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्राचं घ्या.

रेपसीडचं (मोहरीच्या जातकुळीतल्या तेलबीचं) मेण युरोपातलं असेल तर ठीक; कॅनडातला कॅनोला, म्हणजे रेपसीडचाच वाण, बहुतेक जीएम. तांदळाच्या कोंड्याचं मेण जीएमच्या वादात नाही, पण फार कडक असल्यामुळे दुसऱ्या मेणात थोडं मिसळायलाच बरं. पॅराफिन खनिज तेलातलं, तिथे बियाण्याचा प्रश्नच नाही.

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्याला हायड्रोजनची गरज नाही, वासही स्वतःचा. ते महाग आहे आणि पॅराफिनची भेसळ सर्रास. माशी कोणत्या फुलावर बसली याचा दाखलाही कोणी देऊ शकत नाही.

मी निवडेन ते असं: काचेच्या ग्लाससाठी तेलाचा उगम लेखी दिलेलं देशी सोया, तसा कागद मिळत नसेल तर प्रमाण उघड सांगणारं नारळाचं मिश्रण, साच्यासाठी मधमाश्यांचं.

यात सगळे विसरतात ती वात. बीटी या जीएम कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आता देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस तोच आहे. (त्याच सरकीच्या तेलात तळलेलं फरसाण खात जीएम मेणावर वाद घालणारेही भेटतात.) लेबलवर "जीएममुक्त मेणबत्ती" छापायचं असेल तर प्रमाणित सेंद्रिय कापसाची किंवा लाकडी वात घ्या. तेवढी ऐपत नसेल तर "बिगर-जीएम मेण" इतकंच छापा.