पीनट बॉल: वजन जास्त असलेल्या मातांच्या प्रसूतीत
प्रसूतिकक्षातील परिचारिका म्हणून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३०च्या वर असलेल्या मातांसाठी मी पीनट बॉल, म्हणजे भुईमुगाच्या शेंगेसारखा मध्ये निमुळता असलेला हवेचा चेंडू, अनेकदा वापरला आहे. एपिड्युरलमुळे, म्हणजे कळांच्या वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ दिलेल्या औषधामुळे, पाय जड झालेली माता कुशीवर असताना तो गुडघ्यांमध्ये ठेवला की वरची मांडी आपोआप उचललेली राहते, कटिभागाला मोकळीक मिळते आणि उताणे झोपल्यावर मोठ्या रक्तवाहिनीवर येणारा गर्भाशयाचा भारही टळतो. माप मात्र उंचीबरोबर मांड्यांचा घेर पाहूनच निवडावे. एकीला ५० सेंटिमीटरच्या चेंडूने खुब्यात ताण येत होता, ४० सेंटिमीटरचा लावताच तिच्या कपाळावरची आठी गेली. कूस बदलायला दोघींचे हात लागतात आणि बाळाचे ठोके टिपणारा पट्टा हमखास सरकतो, तो लगेच पुन्हा नीट बसवावाच लागतो. घामाने चेंडू निसटतो, म्हणून मी त्यावर चादर गुंडाळते.