सीसी कमी म्हणून ही 1.0 टर्बो सोडू नका

गाडी दोन इंजिनांत येते. 1.2 लीटरचं साधं पेट्रोल पाच गिअरवालं आणि 1.0 लीटरचं तीन सिलिंडर टर्बो सहा गिअरवालं. मी दोन्ही चालवल्या आणि टर्बो घेतली. सीसी जास्त तर गाडी जास्त पळणार हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 999 सीसी म्हटलं की पुढचं कोणी ऐकतच नाही.

अहो सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये जागा किती तेवढंच. टर्बो त्याच जागेत हवा दाबून भरतो, हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. 1.2 चा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 113 एनएम (टॉर्कचं माप) आणि तोही 4400 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या), टर्बोचा 170 आणि तो 1800 पासूनच हातात, त्यामुळे ट्रक ओव्हरटेक करताना 1.2 ला दोन गिअर खाली यावं लागतं तिथे ही चौथ्यातच निघून जाते.

पण खरी कमाल गिअरिंगची आहे आणि त्यावर कुणी लिहीतच नाही. पहिल्या गिअरचा रेशो 3.6 (टॉर्क तितक्या पटीने वाढतो), त्यापुढे सगळ्याच गिअरना लागणारा शेवटचा रेशो म्हणजे फायनल ड्राइव्ह 4.0, म्हणजे ते 170 एनएम चाकांपाशी 2450 च्या आसपास होतात (घर्षणात थोडे जातात ते सोडा). सहाव्याचा रेशो 0.72, तिथे जेमतेम 490. गिअर पॉवर वाढवत नाही, टॉर्क जितका वाढवतो तितका चाकाचा वेग कमी करतो. 195/55 आर16 टायर एका फेरीत साधारण 1.95 मीटर जातो, त्या हिशोबाने 3000 आरपीएमला पाचव्यात ताशी 97-98 किमी आणि सहाव्यात 122. हायवेला सहावा टाकला की इंजिन एकदम शांत, पण चढ आला की पाचवा टाकायचाच.

आणि टॉप स्पीड सहाव्यात मिळत नाही, पाचव्यात मिळतो! 100 पीएस (पॉवरचं माप, जवळपास हॉर्सपॉवरच) निघतात 5500 ला, पाचव्यात 5500 म्हणजे 178-179 चा स्पीड, आणि एवढ्या पॉवरच्या छोट्या गाडीला हवा साधारण तिथेच अडवते. सहाव्यात त्याच स्पीडला इंजिन 4400 वर, पूर्ण पॉवर मिळणारच नाही. रेशो ज्याने ठरवले त्याला मानलं. हवेसाठी लागणारी पॉवर स्पीडच्या घनात वाढते, दुप्पट स्पीडला आठपट. बुगाटी वेरॉन बघा, 8 लीटरचं इंजिन, 1001 पीएस, 407 किमी. 2010 च्या सुपर स्पोर्टमध्ये 1200 पीएस केले तर 431. दोनशे पीएस घालून 24 किमी फक्त.

खटकलं ते एकच, दुसरा गिअर उंच आहे, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन कमी फिरतं. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्यात हळू निघालं की इंजिन 1500 च्या खाली येतं, टर्बोत दमच नसतो, पहिला टाकावा लागतो. गर्दीतच जास्त चालवणार असाल तर 1.2 घ्या, ती तिथे जास्त सरळ वागते.

आणि लूकसाठी मोठे टायर टाकू नका प्लीज. 205/60 टाकले तर व्यास 5 टक्के वाढतो, म्हणजे सगळेच गिअर 5 टक्क्यांनी उंच, तो दुसरा अजून सुस्त होणार आणि मीटरही खऱ्यापेक्षा कमी स्पीड दाखवायला लागू शकतो.