पासिंग पंचवीसचं, गाडी तेवीसची: नवा ट्रक घेण्याआधी हे वाचा

एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या माणसांसाठी हे लिहितोय. शोरूममधून नवी कोरी म्हणून घेतलेली गाडी दीड वर्ष यार्डात उभी राहिलेली असू शकते. जुन्या सालाची न विकलेली गाडी विकणं हा गुन्हा नाही. साल सांगून, किंमत कमी करून विकली तर तो सरळ व्यवहार आहे. पण साल लपवून, पूर्ण भावात, नव्या वर्षाची म्हणून गळ्यात मारली तर ती फसवणूक आहे, आणि ती माझ्या बाबतीत झाली. डीलरचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

मी निफाड तालुक्यातला. कांद्याची आणि द्राक्षांची भाडी करतो. गाडी मी आणि धाकटा भाऊ आलटून-पालटून चालवतो, पगारी ड्रायव्हर नाही. जुनी गाडी काढून १७ फुटी हौद्याची नवी घ्यायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली. तेव्हा शोरूममधला सेल्समन स्वतःच म्हणाला, "दादा, घाई करू नका. आत्ता घेतली तर चोवीसचं मॉडेल लागेल. जानेवारीत फ्रेश लॉट येतोय, त्यातली घ्या, विकताना चार पैसे जास्त येतील."

हा सल्ला अगदी बरोबर होता. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसला. डिसेंबरच्या शेवटी बनलेली गाडी आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बनलेली गाडी यांत काही दिवसांचंच अंतर असतं, पण विकायला काढली की पहिला प्रश्न एकच असतो, कितीचं मॉडेल? सालाच्या त्या एका आकड्यावर भाव हलतो. म्हणून डिसेंबरात गिऱ्हाईक थांबतं, डीलरकडे गाड्या साठतात आणि महिनाअखेर सूट सुरू होते. हे सगळं त्या सेल्समनने मला समजावून सांगितलं आणि नंतर मला २०२३ ची गाडी दिली.

जानेवारीत कॅबिन-चेसिस, म्हणजे मागची बॉडी नसलेली गाडी, ताब्यात मिळालं. बिलावर जानेवारी २०२५. विम्याच्या पॉलिसीत उत्पादनाचं वर्ष २०२५. 'नव्या वर्षाची स्कीम' म्हणून ४० हजारांची सूट. तात्पुरत्या नोंदणीवर गाडी थेट मालेगावला बॉडी बांधायला नेली.

तिथल्या चाचांनी आयुष्यभर ट्रकच्या बॉड्या बांधल्यात. आडव्या पट्ट्यांचं माप घ्यायला ते चेसिसखाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग आतूनच विचारलं, "भाऊ, ही गाडी कुठे उभी होती?" मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी काळा रंग फुगला होता. वायर ब्रश फिरवला तशी खपली पडली आणि खालचा गंज उघडा पडला. चाचा उठले, टायरच्या बाजूला उकिडवे बसले आणि कंपनीच्या नावाच्या पुढे लांबट गोल चौकटीत असलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. २२२३. म्हणजे २०२३ सालातला बाविसावा आठवडा. दुसरा टायर, तिसरा, स्टेपनी, सगळ्यांवर त्याच सुमाराचे आकडे. डिझेलचा धूर साफ करायला जे युरियाचं पाणी लागतं, त्याच्या टाकीचं झाकण उघडलं तर तोंडाशी पांढरे खडे जमलेले. शेवटी त्यांनी डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने उजव्या बाजूची चेसिसची पट्टी पुसली आणि त्यावर ठोकलेला नंबर मला वाचायला लावला. सतरा अक्षरं-आकडे. दहाव्या जागी 'पी'.

हे दहावं अक्षर प्रत्येक ट्रकवाल्याला पाठ पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या तिथे वर्ष लिहितात. २०२२ ला 'एन', २०२३ ला 'पी', २०२४ ला 'आर', २०२५ ला 'एस', २०२६ ला 'टी'. मधली 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं शून्यासारखी दिसतात म्हणून वापरत नाहीत. महिन्याचं अक्षर कंपनीगणिक वेगळ्या जागी असतं, ते त्या कंपनीच्या मेकॅनिककडून समजून घ्यावं लागतं. टायरचा आकडा एकटा पुरावा ठरत नाही, कारण गाडीपेक्षा टायर दोन-चार महिने जुना असू शकतो. पण टायर, बॅटरीवरची तारीख आणि चेसिसचं अक्षर तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

शोरूमला फोन केला. मॅनेजर आधी म्हणाला, टायर कंपनीकडूनच जुने आले असतील. चेसिसचं अक्षर सांगितल्यावर म्हणाला, "पासिंग पंचवीसचंच होणार ना साहेब, मग तुम्हाला काय फरक पडतो?" नंतर म्हणाला, मॉडेलमध्ये काहीच बदल झालेला नाही, तेवीसची काय नि पंचवीसची काय. आणि शेवटी, "तुमची सही आहे फॉर्मवर."

फॉर्मचं ऐका. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २० आणि डीलरने द्यायचा विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, या दोन्हींत उत्पादनाचा महिना आणि वर्ष असा रकाना असतो. सह्या घेताना शोरूममध्ये तो कोरा ठेवतात आणि आरटीओत पाठवताना खरा भरतात, कारण सरकारी नोंदीशी तो जुळावा लागतो. माझ्या फॉर्म २१ वर जुलै २०२३ आहे. म्हणजे आरटीओला खरं सांगितलं, विमा कंपनीला आणि मला खोटं. आरसी हातात आली तेव्हा तिच्यावरही नोंदणी २०२५ आणि उत्पादन जुलै २०२३ असं स्वच्छ छापलेलं होतं.

इतकी नवी गाडी इतके दिवस पडून का राहते, हा प्रश्न मला छळत होता. आमच्या गावचा एक मुलगा पूर्वी दुसऱ्या एका शोरूमच्या यार्डात होता, त्याने सगळं उलगडून सांगितलं. कंपनीच्या हिशेबात गाडी कारखान्यातून डीलरकडे निघाली की 'विक्री' झाली. वाहन उद्योगाची संघटना दर महिन्याला जे आकडे देते ते बहुतेक या पाठवलेल्या गाड्यांचे. डीलरांची संघटना सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदणीचे आकडे देते, त्यावरून गिऱ्हाईकाच्या दारात किती गाड्या गेल्या ते कळतं. या दोन आकड्यांमधल्या गाड्या यार्डात उभ्या असतात. तिमाहीअखेर, आणि मार्चअखेर तर विशेष, कंपनी डीलरच्या गळ्यात माल घालते. न घ्यावा तर पुढच्या वेळी चालणारं मॉडेल वेळेवर मिळत नाही.

मग त्यातल्या काही गाड्या अडतात. हौद्याची लांबी आमच्या भागात न चालणारी, इंजिन-गिअरबॉक्सची नको असलेली जोडी, एखाद्या मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याने एकदम बुक केलेल्या आणि कर्ज मंजूर न झाल्याने सोडून दिलेल्या. माझी गाडी अशाच सोडून दिलेल्या लॉटमधली असावी असं त्या मुलाचं म्हणणं. डीलर माल उधारीच्या पैशावर घेतो. बँकेने दिलेली ठरावीक मुदत संपली की व्याज त्याच्या खिशातून जायला लागतं. जितकी गाडी जुनी, तितकं व्याज जास्त, आणि तितकंच सेल्समनला ती खपवण्याचं बक्षीसही जास्त. हे कळल्यावर त्या सेल्समनच्या गोडव्याचं कारण समजलं.

नियम बदलले की हा साठा एकदम फुगतो. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या) गाड्यांची विक्री बंद केली, तेव्हा दोन दिवसांत शोरूमसमोर लागलेल्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली, २५ टनांच्या तीन-अ‍ॅक्सल गाडीला २८.५ टनांची परवानगी मिळाली. आहे त्याच गाडीत जास्त माल बसायला लागल्यावर नवी कोण घेणार? मार्च २०२० ला बीएस-४ संपलं. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार म्हणून घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरला ट्रकचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येईपर्यंत लोक हात बांधून थांबले. त्याच वर्षी नव्याने बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला त्या वजनाची, केबिनची पण बिनएसीची गाडी '२०२६ ची फ्रेश' म्हणून दाखवत असेल, तर चेसिस पुसायचीही गरज नाही.

आणि मार्चात 'घसारा (गाडीच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी करवजावट) मिळेल, आत्ताच घ्या' असं सांगणाऱ्यांचंही तपासून बघा. घेतलेल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या गाडीला त्या वर्षी अर्धाच घसारा मिळतो. माझ्यासारखे जे छोटे ट्रकमालक प्राप्तिकरासाठी ठोक अंदाजाने (१९६१ च्या कायद्यात कलम ४४ एई) उत्पन्न दाखवतात, त्यांचा घसारा त्या अंदाजात आधीच धरलेला असतो. त्यांना वेगळा काहीच मिळत नाही. मलाही ते गाजर दाखवलं होतं.

उभ्या गाडीचं काय बिघडतं, असं मॅनेजर विचारत होता. दोन पावसाळे उघड्यावर उभी राहिलेली बीएस-६ डिझेल गाडी आतून झिजत असते. बॅटरी उतरते आणि पुन्हा चार्ज केली तरी पूर्वीचा जोर येत नाही. माझी पहिल्याच हंगामात बदलावी लागली. टायर एकाच जागी दबून राहतात, रबरी नळ्या कडक होतात, डिझेलच्या टाकीत पाणी धरतं, उंदीर वायरिंग कुरतडतात. युरियाचं पाणी उन्हात साधारण वर्षभरही नीट टिकत नाही, त्याचे खडे होऊन पंप आणि नोझल अडतात. गाडी भरलेली, पिंपळगावहून निघालेली, आणि कसारा घाटाच्या अलीकडे युरियाचा दिवा लागून इंजिनाची ताकद कमी झालेली, हे आम्ही भोगलंय. मागे नाशवंत माल असताना रस्त्याकडेला उभं राहणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. दुरुस्ती वॉरंटीत झाली, पण भाडं गेलं, आणि त्या व्यापाऱ्याने पुन्हा आमची गाडी सांगितली नाही.

पैशाचं नुकसान त्याहून मोठं आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डीलरकडे तीच गाडी, २०२३ चीच, त्याने सरळ 'जुना स्टॉक आहे' असं सांगून माझ्यापेक्षा १ लाख ९० हजारांनी कमी किमतीत लेखी कोटेशन दिलं. ते मी जपून ठेवलंय. पुढे विकताना घेणारा आरसी बघणार आणि त्याला कर्ज देणारी फायनान्स कंपनीही उत्पादनाचं वर्षच धरणार. हप्ते मात्र मी पंचवीसच्या गाडीचे भरतोय. विम्यातला घोळ तर तातडीने निस्तरावा लागला. पॉलिसीत एक वर्ष आणि आरसीवर दुसरं असेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. विमा कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती करून घेतली आणि त्या पत्राची पोच घेतली. आता तेच पत्र आयोगातला माझा चांगला पुरावा आहे.

वकिलाची नोटीस गेल्यावर शोरूममधून फोन आला. दोन सर्व्हिस फुकट, नवी बॅटरी, एक ताडपत्री. नंतर ६० हजार रुपये, पण 'कोणतीही तक्रार उरलेली नाही' असं लिहून द्यायचं. ते मी नाकारलं.

आयोगात डीलरच्या वकिलाचा पहिला मुद्दा हाच होता की ट्रक धंद्यासाठी घेतला, म्हणून मी ग्राहकच नाही. हे ऐकून बरेच ट्रकवाले तिथेच गळतात. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त मोडत नाही. म्हणून आमचा दोघा भावांचा अवजड वाहनाचा परवाना, टोलच्या आणि डिझेलच्या पावत्या, घरात दुसरी गाडी नसल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलंय. ज्यांच्या ताफ्यात पंधरा-वीस गाड्या आहेत त्यांना ही वाट मिळणं अवघड. एकट्याच्या गाडीला आहे. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, २० ते ५० लाखांसाठी फी फक्त १ हजार रुपये आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत त्यांनी एवढं करा. ॲडव्हान्स देण्याआधी यार्डात जाऊन, ज्या गाडीवर तुमचं नाव लागणार तीच उघडून बघा, चेसिस नंबरचा फोटो काढा आणि तो नंबर व उत्पादनाचा महिना बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. "ऑर्डरमध्ये नंबर येत नाही साहेब" असं उत्तर मिळालं तर पैसे खिशातच ठेवा. फॉर्म २० आणि २१ वरचा तो रकाना भरल्याशिवाय सही करू नका. जुनी गाडी घ्यायचीच असेल तर खुशाल घ्या, पण टायर, बॅटरी आणि युरियाची पूर्ण यंत्रणा तपासून, किंमत पाडून, आणि बिलावर साल लिहून.

माझ्या तक्रारीची पुढची तारीख लागली आहे. फॉर्म २१ ची आरटीओकडची प्रत मी मागवली आहे, ती त्या दिवशी दाखल होईल. जानेवारी २०२५ च्या सुमारास आमच्या भागातून ज्यांनी नवी गाडी घेतली त्यांनी आजच आरसी काढून उत्पादनाचा महिना बघावा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, आणि खरेदीच्या तारखेपासून धरली तर ती जानेवारी २०२७ ला संपते.