‘सर्वधर्म परिचय’ तक्ता: शाळेसाठी घेण्याआधी

सोलापुरात नवी पेठेत शालेय साहित्याच्या दुकानांत वर-खाली प्लास्टिकची पट्टी असलेला, लॅमिनेट केलेला ‘सर्वधर्म परिचय’ तक्ता मिळतो. छपाई ठसठशीत, रंगही टिकतात. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर मात्र लावू नका. इतका चकाकतो की मागच्या बाकांवरून अर्धा वाचता येत नाही.

खरी अडचण मजकुरात आहे. धर्म, संस्थापक, ग्रंथ, चिन्ह असे चार रकाने. हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, तरी रकाना भरलेला. कोणताच धर्म न मानणाऱ्यांना तर जागाच नाही. इंग्लंडमध्ये 1944च्या कायद्याने शाळांत सामूहिक उपासना सक्तीची केली होती. पुढे वस्ती मिश्र झाली, चर्चला जाणारे घटले आणि बर्मिंगहॅमच्या 1975च्या अभ्यासक्रमात मानवतावादही (देव-धर्म न मानता माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा विचार) आला. आपला तक्ता अजून चिन्हांपाशीच थांबला आहे.

आपल्याकडे घटनेच्या कलम 28नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यासाठी किंवा उपासनेसाठी बसवता येत नाही. धर्मांविषयी शिकवायला मात्र मनाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002मध्ये तसा निर्वाळा दिला. तक्त्याचा उपयोग याच चौकटीत आहे.

तो असा करावा. ‘संस्थापक’ रकान्यावर कोरी पट्टी चिकटवा. पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येकाला एकच धर्म द्या आणि वाक्यं ‘असं मानतात’ अशीच लिहून घ्या. मग सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा घ्या: मिरवणुकीतले सात नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या) आणि ते जिथे जातात ती अडुसष्ट लिंगं. भाविक काय मानतात आणि इतिहासातून काय कळतं, हे फळ्यावर दोन बाजूंना मांडा. चर्चा खरी इथेच रंगते. मूल्यं शिकवायला 12 जानेवारी 1931 रोजी स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेले सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा पुरेसे आहेत. त्यांचं धैर्य समजायला कुणाचा धर्म विचारावा लागत नाही.

तास बहुतेकदा बिघडतो तो ‘तुमच्यात काय करतात, सांग’ या प्रश्नाने. ते मूल एकदम अख्ख्या समाजाचं प्रतिनिधी होतं आणि गप्प बसतं. हा प्रश्न कुणालाही नाव घेऊन विचारू नये.

सहावी ते आठवीसाठी एक तक्ता जरूर घ्या, पण सोबत कोरा कार्डशीटही घ्या: जो रकाना छापलेला नाही, तो वर्गाने स्वतः लिहायचा.