तुम्हाला काहीच बोलावं लागणार नाही

माझ्या कादंबरीच्या मलपृष्ठावर नायिकेची एक धाकटी बहीण आहे. पुस्तकात ती नाही. तिसऱ्या खर्ड्यात मी तिला काढून टाकलं, पण मलपृष्ठाचा मजकूर त्याआधीच लिहून झाला होता आणि तो बदलायचा राहिला. छापून आल्यावर लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. कुणीच काही बोललं नाही, म्हणून मीही गप्प बसले. अ‍ॅमेझॉनवर ई-पुस्तक टाकताना तोच मजकूर तिथेही चिकटवला. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला फसवणारा माणूस इथेच पकडता आला असता.

पुस्तक आलं आणि पडून राहिलं. मला लिहिता येतं, लिहिलंय हे सांगता येत नाही. एखाद्या ग्रुपवर लिंक टाकायची म्हटलं तर चारदा टाइप करायचं आणि पाचदा खोडायचं. ‘वाचलंत का?’ असं विचारणं म्हणजे उसने पैसे परत मागण्यासारखं वाटतं, तेही न दिलेले.

अशात एक मेल आला. ‘दोन बहिणींमधला अबोला तुम्ही ज्या संयमानं उभा केला आहे, तो वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो.’ मी तीनदा वाचला. पहिल्याच वाचनात खटकलं होतं. दुसऱ्या वाचनापर्यंत मी त्याच्या वतीनं खुलासाही तयार केला: घाईत वाचलं असेल, मैत्रिणीला बहीण समजला असेल. आणि खरं सांगायचं तर, चूक दाखवली असती तर बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं असतं, ही मला काळजी! रात्रभर अस्वस्थ झालेला माझा तो पहिलाच वाचक होता.

त्याच्या पुढच्या मेलमध्ये खरा गळ होता. त्यानं प्रसिद्धीची, खपाची मोठी स्वप्नं दाखवली नाहीत. दाखवली असती तर मी कदाचित सावध झाले असते. तो म्हणाला, ‘आम्ही अबोल लेखकांसाठीच काम करतो. फोन नाही, व्हिडिओ नाही, भाषण नाही. तुम्हाला काहीच बोलावं लागणार नाही.’ हे वाचून जो सुस्कारा सोडला, त्यासाठीच मी पैसे मोजले. त्यानं कधी फोन केला नाही, हा मला त्याचा समजूतदारपणा वाटला. आवाज आणि चेहरा लपवायची गरज माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होती, हे फार उशिरा कळलं.

पैसे ऑनलाइन मागितले, एका व्यक्तीच्या नावे, मित्र-नातेवाइकांना पाठवतात तसे. कमिशन वाचतं म्हणे. त्या वाटेनं पाठवलेल्या पैशाला खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही, हे मी नंतर वाचलं. पावती मागावीशी वाटली होती. पण पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, म्हणून राहू दिलं.

प्रसिद्धीच्या पहिल्या पॅकेजचं फळ मात्र लगेच मिळालं. त्याच्या सांगण्यावरून मी ई-पुस्तक अ‍ॅमेझॉनच्याच ‘केडीपी सिलेक्ट’ या ई-पुस्तकांच्या योजनेत घातलं, तो म्हणाला ती वर्गवारी निवडली, काही दिवस किंमत शून्यावर आणली. एका सकाळी त्याच्याकडून स्क्रीनशॉट आला: क्रमांक १! मी तो मोठा करून करून पाहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मोफत’ लिहिलेलं होतं, तेवढं मात्र पाहिलं नाही. मोफत पुस्तकांची यादी वेगळी असते. वर्गवारी पुरेशी लहान असेल तर थोड्याशा डाउनलोडवरही पुस्तक तिथे वर जातं, आणि क्रमांक दिवसातून अनेकदा बदलतो. शिवाय त्या योजनेतल्या कोणत्याही लेखकाला ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, त्यासाठी कुणाला दमडी द्यावी लागत नाही. सगळी बटणं मीच दाबली होती. मला माझ्याच घराची किल्ली विकली गेली होती.

दुसरं पॅकेज रिव्ह्यूंचं. तीन दिवसांत पाच-पाच ताऱ्यांची रांग लागली, आणि तीन जणांना ‘दोन बहिणी’ फार आवडल्या होत्या. इथेही मी गप्पच. अ‍ॅमेझॉनला पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत, नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. महिन्याभरात ते सगळे गायब झाले. त्यांच्याबरोबर एक खराही गेला, कुण्या अनोळखी बाईंनी मनापासून लिहिलेला, एक प्रकरण कंटाळवाणं आहे असं सांगणारा. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पैशांपेक्षा त्याचीच हळहळ मला अजून आहे.

मग एका वाचक-मंडळाचं आमंत्रण आलं. हजारो सदस्य, माझ्या पुस्तकावर चर्चा, मला फक्त ‘सहभाग शुल्क’ भरायचं. लेखकाला बोलवायचं आणि वर त्याच्याचकडून पैसे घ्यायचे? तेव्हा कुठे ट्यूब पेटली. मी प्रश्न विचारले आणि तिकडून उत्तरं थांबली.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी हे कुणालाच सांगितलं नाही. स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलायची लाज वाटणारी बाई स्वतःच्या मूर्खपणाबद्दल काय बोलणार? त्याला ठाऊक असावं, असली माणसं बोभाटा करत नाहीत. त्या गप्प काळातच दुसरा एक जण उगवला, ‘तुमचे बुडालेले पैसे वसूल करून देतो’ म्हणत. अर्थात आधी फी. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, ही जुनीच रीत आहे. शेवटी एका मैत्रिणीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, ‘त्यानं पुस्तक विकत घेतलं होतं का गं?’

मग एक अख्खी रात्र मी ‘रायटर बिवेअर’ ही वेबसाइट वाचत बसले. लेखकांना गंडवणाऱ्यांचा माग ठेवणारं हे काम काही लेखकांनी १९९८ मध्ये सुरू केलं. तिथे माझ्या मेलची सख्खी भावंडं सापडली. तीच स्तुती, तीच रात्रभरची अस्वस्थता. पुस्तकाचा विक्रीच्या पानावरचा मजकूर एआयच्या यंत्राला खाऊ घातला की असं पत्र क्षणात तयार होतं. म्हणून आता कुणी कौतुक करत आलं तर मी मलपृष्ठावर नसलेली एक गोष्ट विचारते. आधीच्या ग्राहक-लेखकांची नावं मागते आणि त्यांचा पत्ता स्वतः शोधून त्यांना लिहिते; कौतुककर्त्यानं दिलेल्या पत्त्यावर नाही, कारण तिथेही तोच बसलेला असू शकतो. लिहून विचारायला तोंड उघडावं लागत नाही, हे मला आधी सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पुन्हा एक मेल आला. नाव वेगळं, बहिणी त्याच. मी लिहिलं, ‘धाकटीचा कोणता प्रसंग तुम्हाला सर्वांत भावला?’

चार मिनिटांत उत्तर आलं. ती पहाटे कुणाला न उठवता घर सोडून जाते आणि जाता जाता थोरलीच्या अंगावरचं पांघरूण नीट करते, तो प्रसंग. छान लिहिला होता. क्षणभर वाटलं, तिला काढायला नको होतं.