उरणचा स्वस्तातला वन बीएचके आणि पाचशेच्या बॉण्डवरचं ॲग्रीमेंट

उरण तालुक्यातल्या एका गावात आम्ही 21 लाखांचा वन बीएचके बुक केला होता. साडेआठ लाख भरले, त्यातले थोडे परत मिळालेत, बाकीच्यासाठी केस चालू आहे. गावाचं आणि बिल्डरचं नाव लिहू नका असं वकिलांनी सांगितलंय म्हणून लिहीत नाही, पण हाच प्रकार पनवेल, पेण, वसई-विरार सगळीकडे चालतो, त्यामुळे नाव नसलं तरी ओळखाल.

आम्ही राहतो लालबागला, भाड्याने. दर अकरा महिन्यांनी नवीन ॲग्रीमेंट, नवीन भाडं. सासर श्रीवर्धनचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी जवळजवळ सगळ्या आडव्या झाल्या, नंतर सासरे गेले, सासूबाई एकट्या पडल्या, मग वाडीचा एक तुकडा विकून मुंबईच्या आसपास काहीतरी स्वतःचं घ्यायचं ठरलं. त्या पैशात मुंबईत काय येतं ते सगळ्यांना माहितीय. उरणजवळच्या द्रोणागिरीत रीतसर प्रोजेक्टमध्ये चौकशी केली तर तिथेही बजेटच्या बाहेर. म्हणून मग तडजोडी सुरू झाल्या: लिफ्ट नसली तरी चालेल, पार्किंग नको कारण गाडीच नाही, हॉल छोटा चालेल, स्टेशनपासून रिक्षा करावी लागली तरी चालेल. एजंट हे सगळं फार मन लावून ऐकायचा. मध्ये एक शब्द बोलायचा नाही, फक्त "बरोबर ताई, बरोबर वहिनी". आज मला वाटतं त्याचं खरं काम तेवढंच होतं, समोरचा माणूस कशाकशावर पाणी सोडायला तयार आहे ते ऐकून घ्यायचं.

साइट बघायला त्याने शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर बोलावलं. लाँचने उरणचं मोरा बंदर, मस्त वारा, मुलगी खूश, "बघा, मुंबईहून एवढंच अंतर". सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी लाँचमध्येच बोटांवर हिशोब केला, आज द्वादशी, बाराचे पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला पूर्ण भरती. कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तिथीवरून भरती काढता येते. त्या एजंटला म्हणाल्या, "भरती बघून आणलंत होय आम्हाला? ओहोटीला काय करायचं?" मोऱ्याला एवढा गाळ आहे की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही, फेऱ्या बंद ठेवतात. तो नुसता हसला, म्हणाला आजी, आता ट्रेन आहे ना, अटल सेतू आहे. ट्रेन आहे हे खरं, जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल येते. अटल सेतूचा एका वेळचा कारचा टोल 250 रुपये, आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग फक्त ब्रोशरमध्ये. तर ही पण एक तडजोड म्हणून आम्ही धरून चाललो.

बिल्डिंग तळमजला अधिक चार, प्लास्टर झालेलं, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, 203. आता खरा खेळ बघा. पॅम्फ्लेटवर क्यूआर कोड होता. ऑगस्ट 2023 पासून रेरात, म्हणजे घरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड टाकावाच लागतो, त्यामुळे लोकांना कोड दिसला की बरं वाटतं. नवऱ्याने स्कॅन केला तर एजंटचं व्हॉट्सॲप उघडलं! विचारलं तर म्हणाला, प्लॉट 500 मीटरच्या आत आहे, रेरा लागतच नाही. आता गंमत अशी की हे खोटं नाही. 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला रेरा नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी लागत नाही म्हणजे बांधकाम परवानगी पण लागत नाही असं थोडीच आहे, ती सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, लागतेच, त्याचं सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीचा दाखला, कुठेय? तर, "हे गावठाण आहे ताई, ग्रामपंचायतीची एनओसी आहे." बँक लोन? "गावठाणाला बँक करत नाही, आपली फायनान्स कंपनी आहे." रजिस्ट्रेशन? "सध्या बंद आहे, नोटरी करून घेऊ, 250 मीटरचा जीआर आलाय, सगळं रेग्युलर होणार." आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच, "एवढ्या बजेटमध्ये एवढंच येतं ताई."

हे वाक्य नीट ऐका, कारण ते लिफ्टच्या बाबतीत खरंच आहे. कमी पैशात लिफ्ट मिळणार नाही, समुद्र दिसणार नाही, स्टेशन लांब पडणार. पण मालकीचा कागद काही लिफ्टसारखा जास्तीच्या पैशात मिळणारा आयटम नाही, तो 21 लाखांच्या घराला पण तेवढाच लागतो जेवढा दोन कोटींच्या. हे लोक दोन्ही एकाच दमात बोलतात आणि आपल्याला दोन्ही एकच वाटायला लागतं. तो जीआर पण 2022 चा, तो गावठाणापासून 250 मीटरच्या आत प्रकल्पग्रस्त गावकऱ्यांच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांसाठी आहे, विकायला काढलेल्या बिल्डिंगसाठी नाही.

अजून एक. त्याने आम्हाला सातबारा दाखवला आणि तोंडाने गावठाण म्हणत होता. मूळ गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. सातबारा आहे म्हणजे ती जागा गावठाणाबाहेरची. हे आम्हाला नंतर महसुलातून रिटायर झालेल्या एका काकांनी दोन मिनिटांत सांगितलं. त्याच सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून सात नावं होती, सगळे भाऊबहीण आणि चुलते, आणि बिल्डरने सही घेतली होती एकाच भावाची. नमुना 8 वर "तुमचं नाव लावून देतो" हे पण फार ऐकाल. नमुना 8 म्हणजे घरपट्टीचा उतारा. घरपट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही.

पैसे कॅश मागत होता, आम्ही नाही म्हटलं. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त कॅश घेताच येत नाही, हे तोंडावर सांगितलं. मग त्याने आरटीजीएससाठी अकाउंट दिलं ते एका सिमेंट-सळईच्या दुकानाचं, "सप्लायरला डायरेक्ट जाऊदे, काम पटकन होईल". आम्ही पावतीवर फ्लॅट नंबर आणि अकाउंट दोन्ही लिहून सही घेतली, पुढे केसमध्ये तीच पावती कामाला आली.

ताबा गणपतीच्या आधी देणार होता. श्रावणात दोघं सहज बघायला गेलो तर 203 च्या दाराला दुसरंच कुलूप, वर आंब्याचं तोरण आणि उंबऱ्यावर हळदीकुंकवाची ओली बोटं. खाली दुकानात विचारलं तर बाई म्हणाल्या, "यो रूम त माजे भाच्यान घेतलाय." भाचा जेएनपीटी बंदराच्या कंटेनर यार्डात कामाला. संध्याकाळी आला, बिचारा चहा विचारायला लागला, मग त्याने पिशवीतून त्याचा बॉण्ड, म्हणजे स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं ॲग्रीमेंट, काढला. आमचा 500 चा, त्याचा पण 500 चा. दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. तोच फ्लॅट, तेच क्षेत्रफळ, चतुःसीमेत पूर्वेला "रस्ता" च्या जागी "रत्सा" ही टायपिंगची चूक सुद्धा दोन्हीकडे सारखी, फक्त नाव आणि तारीख बदललेली. त्याची तारीख आमच्या आधीची. आणि हे सगळं चालू असताना जिन्याखाली मीटरच्या बोर्डाशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला, अर्धा फाडलेला, एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम 53 ची अनधिकृत बांधकामाची नोटीस. म्हणजे आमचं भांडण ज्या घरावरून होणार होतं ते घर पाडायच्या यादीत.

बिल्डरने आधी गोड बोलून पूर्ण रकमेचा चेक दिला, तो बाऊन्स झाला. इथे घाई करा बरं का, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाला की 30 दिवसांत नोटीस जावी लागते, मग त्याला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार, नाहीतर कलम 138 ची चेक बाऊन्सची केस हातातून जाते. बिल्डरचा माणूस रोज "सोमवारी बघतो" म्हणत असतो तो ह्याच तारखा उलटायला. पोलिसांनी आधी हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. मग त्या भाच्याने आणि आम्ही मिळून बिल्डिंगमधले बाकीचे पैसे भरलेले लोक शोधले, सगळ्यांचे बॉण्ड एका फाइलला लावले, एकच फ्लॅट दोघांना विकल्याचं कागदावर दिसलं तेव्हा फसवणुकीचा एफआयआर झाला. ॲग्रीमेंटची नोंदणी न करता 20 टक्क्यांच्या वर पैसे घेणं फ्लॅट विक्रीच्या 1963 च्या मोफा कायद्यातही गुन्हा आहे, तेही वकिलांनी घालायला लावलं. जामिनाच्या वेळी त्याने काही रक्कम भरली, ती वाटून आली.

कोणी म्हणेल रेरा नंबर बघितला असता तर झालं असतं. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्या लावून रेरा नंबर मिळवलेल्या 65 बिल्डिंग निघाल्या आणि 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचे आदेश दिले. त्यामुळे नंबर असो नसो, सीसीचा क्रमांक घेऊन सिडको, नगरपालिका जे कोण असेल तिथे जाऊन खरा आहे का विचारायचं. आणि सरकारी बँकेकडे लोनचा अर्ज टाकून बघायचा, लोन नको असलं तरी. त्यांचा वकील टायटल तपासतो, त्याने नको म्हटलं तर का नको ते विचारून घ्यायचं.

सासूबाई आता आमच्याकडे लालबागलाच आहेत, घर अजून भाड्याचंच. त्या एजंटच्या स्टेटसला सध्या रेवसजवळचे "सी टच" प्लॉट चालू आहेत, तिथे सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंदीच्या नियमाचं, काय ते देव जाणे. उरणच्या अशा कुठल्या बिल्डिंगसाठी सिमेंट-सळईच्या दुकानाच्या अकाउंटला पैसे पाठवले असतील तर बॉण्डची झेरॉक्स आणि बँकेची एन्ट्री घेऊन पोलीस स्टेशनला जा, आमच्या एफआयआरमध्ये अजून नवीन तक्रारदारांचे जबाब घेतायत.